पुडीचा गुण

आमच्या घरात देव नव्हता, नवस नव्हता, अंगारा-धुपारा नव्हता. आजोबा विदर्भातून जबलपूरला कारखान्यात नोकरीला आले ते हे सगळं मागे टाकूनच आले, आणि त्याचा आम्हाला बराच ताठा होता. शेजारच्या बाईंनी दाराला लिंबू-मिरची बांधली की माझी आई तोंडाला पदर लावून हसायची. पण याच आईच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यामागे जवळच्या पनागर गावातल्या एका वैद्याच्या पुड्या असत, आणि त्यांच्याबद्दल घराबाहेर कोणी चकार शब्द काढायचा नाही असा नियम होता. औषध सांगितलं की त्याचा गुण जातो, असं वैद्याने बजावलं होतं. ही म्हणे अंधश्रद्धा नव्हती, हे पथ्य होतं.

आईला दमा होता. माझ्या लहानपणी ती उशांना टेकून श्वास ओढत बसायची आणि मी तो आवाज ऐकत पाढे पाठ करायची. पुडी सुरू झाली आणि खरोखर फरक पडला. रोज सकाळी अनशापोटी, लोण्यातून. ती जिना चढू लागली, पोळ्या लाटताना गुणगुणू लागली. डॉक्टरांनी दिलेल्या पंपाला तिने कधी हात लावला नाही, कारण त्याची सवय लागते. पुडी तर तिने वर्षानुवर्षं घेतली, पण तिला कोणी सवय म्हटलं नाही. मीसुद्धा त्या वैद्याला मनोमन दुवा दिला आहे, खोटं कशाला बोलू?

वडील गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. मी शाळेत शिकवायची, ती घर सांभाळायची. तेव्हाच कधीतरी तिचे तळहात खरखरीत होऊ लागले. आधी आम्ही भांड्यांच्या पावडरीला दोष दिला. मग तळहातांवर आणि तळपायांवर बारीक खड्यांसारखे टणक दाणे उठले. छातीवरची कातडी काळवंडली आणि तिच्यात पांढरे ठिपके दिसू लागले, धुळीत पावसाचे चार थेंब पडावेत तसे. पायांना सारख्या मुंग्या. चप्पल वाटेत निसटली तरी तिला कळायचं नाही, मीच मागे जाऊन उचलून आणायची. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, "काहून? हात दाखवून अवलक्षण कशाले करू?"

शेवटी मी तिला ओढतच सिव्हिल लाइन्समधल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी हात उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "माताजी, कोई देसी दवा तो नहीं लेतीं?"

"नहीं जी, कोई दवा नहीं लेती," आई म्हणाली. जन्मात खोटं न बोललेली बाई, डोळ्याला डोळा भिडवून बोलली. टेबलाखाली तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी काही बोलले नाही, कारण मलाही त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं वाटलं नव्हतं. दम्याचं औषध दम्याचं, हाताचं हाताचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मलम लावता लावता वर्ष गेलं. मग उजव्या तळहातावरचा एक दाणा फुटला आणि ती जखम भरेचना. तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर. या वेळी डॉक्टरीणबाईंनी आईला बाहेर बसवून मला एकटीला तोच प्रश्न विचारला. मी दुसऱ्याच दिवशी पुडी नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली. तपासणीत सोमल निघालं. सोमल म्हणजे आर्सेनिक, विष. रोज चिमूटभर, लोण्यातून. ते अंगात मुरत गेलं आणि त्यानेच कातडी, पाय, हात सगळं पोखरलं, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. मी शांत नव्हते.

मी तशीच पनागरला गेले. वैद्याची चांगली खरडपट्टी काढायची, पोलिसांत जायची धमकी द्यायची, सगळं वाटेत ठरवलं होतं. म्हातारा ओट्यावर बसला होता. मला ओळखून त्याने आशीर्वादाला हात वर केले, तर त्याच्या तळहातांवर तेच दाणे. तीच पुडी तो स्वतःही घेत होता. मी सोमलाचं सांगितलं तर तो म्हणाला, "बिटिया, शुद्ध किया हुआ है, नुकसान नहीं करता." मला त्याच्यावर धड ओरडताही आलं नाही. बसस्टँडवर येऊन मी रडले.

आईची पुडी बंद केली आणि महिन्याभरात दमा परत आला. तिच्या दृष्टीने यातच सगळं सिद्ध झालं. "तू सांगितलं ना त्या बाईले," ती धापा टाकत म्हणाली, "आता कसा गुण येईन?" मी सोमल समजावलं, रिपोर्ट वाचून दाखवला, पंप हातात दिला. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. तिने पंप बाजूला सारला. पुढे एक बोट काढावं लागलं, तरी दुखणं काखेपर्यंत पोचलंच, आणि डॉक्टरांनी मला घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. त्या दिवसांत आई माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मरणापेक्षा मला तिच्या त्या अबोल्याची जास्त भीती वाटत होती. ती अशीच, माझ्यावर रागावलेली, निघून जाईल याची.

शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं. पट्टी बांधलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. एकेका शब्दासाठी तिला थांबावं लागत होतं.

"तू माह्या भल्यासाठीच सांगितलं. मले माहीत आहे. मी नाही धरत मनात."

तिला ओरडून सांगावंसं वाटलं, की आई, मी तुझा श्वास हिरावला नाही गं, त्या पुडीने तुला खाल्लं. पण ते पटवायला वाद घालावा लागला असता, आणि वाद घालण्याइतका श्वास तिच्याकडे उरला नव्हता.

"चुकलंच माझं, आई," मी म्हणाले.

तिला इतकं बरं वाटलं की किती दिवसांनी तिने चहा मागितला.