शेषेरावाची असल विलायती

आमच्या गावच्या शेषेरावाचं सांगते. देवणीकडचं गाव आमचं. मानूस बुटका, मिशी मोठी, आन मिशीपेक्षा बंदूक मोठी. "असल विलायती हाय. निजामाच्या वक्ताला एका गोऱ्या सायबानं माझ्या बापाला बक्षीस दिली," असं भेटंल त्याला सांगायचा. कुनी इचारलं न्हाई तरी सांगायचा. नळीवर इंग्रजी अक्षरं कोरलेली व्हती, त्यावर बोट फिरवून दाखवायचा. वाचता येतंय कुनाला? त्याला बी न्हाई, आमाला बी न्हाई.

खंडेनवमीला तिला हळद-कुंकू, नारळ, आन गावानं पाया पडायचं. आमी बुद्धाचे, आमी न्हाई पडलो, ते त्याच्या मनात डाचायचं. लगनात तर नवरदेवाच्या आधी बंदुकीला पाट! कुनी मनलं, "एखादा बार काढा की," तर मने, "काडतूस विलायतेहून यावं लागतं." बाई गं, काय तो तोरा! घरात बायको साखराबाई राबून मरायची, आन ह्यो बंदुकीला तेल चोळत बसायचा.

हसन्यावारी नेलं असतं आमी. पर लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराला पावसानं दडी मारली, हिरी आटल्या, पानी उरलं ते एका सरकारी हिरीला. ह्यानं तिथं खाट टाकली, मांडीवर बंदूक घेतली आन राखनीला बसला. हीर सरकारची, मालकी ह्याची! आमच्या वस्तीतल्या बायांनी कठड्याला हात लावायचा न्हाई. लांब हुबं ऱ्हायचं, कुनाला कीव आली तर वरून घागरीत वतनार. न्हाई आली तर रिकाम्या हातानं घरी. माझी सून बाळंतीन, तिला घोटभर पानी न्हाई. मी मनलं, "मालक, एक घागर शेंदू द्या." त्यानं नळी माझ्याकडं फिरवली. "पंचफुला, म्होरं आलीस तर बघ."

भ्याले मी. खोटं कामून बोलू?

नवा जिल्हा, नवे सायब. दुष्काळ बघायला त्यांची जीप गावात, थेट हिरीपाशी आली, संगं फौजदार. मी सगळ्यांदेखत जाऊन सांगितलं, "सायब, ह्यो मानूस बंदूक रोखून आमाला पानी शेंदू देत न्हाई."

फौजदारानं शेषेरावाच्या मांडीवरची बंदूक हातात घेतली. "असली आहे का ही?"

"हाव सायब, असल विलायती." मिशीवर हात गेलाच त्याचा.

"लायसन दाखवा."

मिशीवरचा हात खाली आला.

"म्हणजे बिनपरवान्याची. बेड्या काढा रे. लातूरला न्या याला."

तोंडचं पानीच पळालं बघा! फौजदाराचे पाय धरले त्यानं. "न्हाई न्हाई सायब, नक्कल हाय! आईची आन, नक्कल हाय! उदगीरच्या संगप्पा लोहारानं केल्याली. चोराला भेव दावायला बापानं करून घेतली व्हती."

फौजदार इस्वास ठेवंना. मग ह्योच एकेक खूण दावायला लागला. "अक्षरं बघा की, उलटी हायती. दुरुस्तीला आलेल्या खऱ्या बंदुकीवरनं संगप्पानं लाखेचा ठसा घेतला, आन ठशात दिसली तशीच कोरली. घोडा बघा, नुस्ता लोंबतो, आत कमानच न्हाई. नळी तर भरीव हाय, तोंडाला तेवढं भोक पाडलंय." फौजदारानं लिंबाची काडी आत घातली. दोन बोटं गेली आन अडली.

मंजे ह्याला पहिल्यापासून सगळं ठावं व्हतं! आन गावानं त्या सळईला नारळ फोडले. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. फौजदार बी शाना! ते खेळनं त्याचं त्यालाच परत दिलं, "पाणी सगळ्यांना भरू द्या," मनला, आन धुरळा उडवत गेला.

दुसऱ्या दिवशी हिरीवर जाते तर काय? खाट तिथंच, शेषेराव तिथंच, मांडीवर बंदूक. निलाजऱ्याला लाज कुठली? पर त्याच्यापेक्षा आमचाच राग आला मला. आमच्या बाया कालच्याच जागी, लांब हुब्या. मला बी पाय उचलंना. काडी अडलेली ह्या डोळ्यानं बघितली, तरी उचलंना.

घरात सून तहानलेली. चढले कठड्यावर, पोहरा हातात घेतला. शेषेरावानं नळी फिरवली, पर बोलला लई हळू, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं.

"पंचफुला, चार लोकांत तरी जरा भ्याल्यासारखं कर की."

"आमाला नक्कल जमत न्हाई, शेषेराव," मनलं, आन पोहरा आत सोडला.