माळीपुऱ्यातलं शेवटचं वाळूक

पातूरच्या माळीपुऱ्यात पार्बताबाईंचं नाव निघालं की लोक आधी त्यांच्या जिभेबद्दल बोलत आणि मग त्यांच्या वाळकाबद्दल. जिभेचा तिखटपणा सगळ्यांनी चाखलेला होता. वाळूक, आमच्या बोलीत वायूक, मात्र भादव्यापासून दिवाळीपर्यंतच मिळायचं, म्हणून त्याची वाट पाहिली जायची. काकडीच्या जातीचं फळ, हाताच्या कोपरापर्यंत लांब, पिवळसर, पिकलं की आपोआप तडकणारं, आणि वास असा की विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया घागर खाली ठेवून मळ्याकडं बघत. आता पातूरच्या बाजारात जे वाळूक म्हणून विकतात, त्याला मी तरी वाळूक म्हणत नाही.

ही गोष्ट मला पार्बताबाईंच्या सुनेनं, शकुननं सांगितली. तेव्हा ती स्वतः म्हातारी झाली होती. सांगताना तिनं स्वतःला कुठंच पाठीशी घातलं नाही, म्हणून माझा तिच्यावर विश्वास आहे.

माळीपुऱ्यात तेव्हा एक रीत होती. सगळी बियाणी सगळ्यांनी ठेवायची नाहीत. एकेका घरानं एकेक जिन्नस सांभाळायचा. जानरावांच्या घरी पांढरं वांगं, कोणाकडं दोडका, कोणाकडं लाल मुळा, आणि पार्बताबाईंकडं वाळूक. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी बाया ओंजळी घेऊन एकमेकींच्या दारात जायच्या आणि पावसाळ्यापुरतं बी वाटून घ्यायच्या. भांडण झालेल्या घरीही त्या दिवशी जावंच लागायचं, त्यामुळं कितीतरी भांडणं आखाजीला मिटत. पार्बताबाईंची भांडणं पुन्हा सुरू व्हायलाही फार दिवस लागत नसत, ते सोडा.

मग कापसाची हवा आली. साता समुद्रापार कुठंतरी गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याची किंमत आली. असं काही झालं की माणसं शहाणी राहत नाहीत. अकोल्याच्या रस्त्यानं गाड्यांची रांग तुटेना. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या, कोणी बायकोला तिच्यानं उचलवणार नाहीत असे तोडे केले. ज्या मळ्यांत मोटेच्या पाण्यावर मेथी, वांगी, कांदे डुलायचे, तिथं माळ्यांनी वाफे मोडून पऱ्हाटी लावली. पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडं कपाशीचं झाड. मोटा थांबल्या, त्यांचे नाडे खुंटीला टांगले गेले. गावभर कापूस, आणि भाकरीशी खायला कांदा मिळेना. तरी लोक खूश होते.

पार्बताबाईंचे यजमान किसनराव स्वभावानं गरीब, पण तेही शेवटी घसरले. खुशालराव नावाचा मोठा शेतकरी गावाबाहेरची सगळी काळी जमीन कापसाखाली आणत होता. त्यानं किसनरावांना म्हटलं, तुमच्या उकिरड्याचं खत मला द्या, मी तुम्हाला पेरायला चांगली सरकी देतो. किसनरावांनी पार्बताबाईंना न विचारता होकार दिला. वैशाखात खुशालरावाच्या गाड्या आल्या आणि उकिरडा पार खरवडून घेऊन गेल्या. पार्बताबाई त्यानंतर नवऱ्याशी आठवडाभर फक्त भिंतीकडं पाहून बोलल्या.

त्या वर्षी आखाजीला वाळकाचं बी मागायला कोणीच आलं नाही. पार्बताबाईंनी सगळ्या बिया शेणाच्या एका गोळ्यात कालवून, तो चांगला थापून चुलीच्या वरच्या भिंतीला लावून ठेवला. बियांना कीड लागू नये म्हणून आमच्याकडं असंच करतात. धुरानं तो गोळा वाळून कडक होतो, आणि पेरणीच्या वेळी फोडला की आत बिया जशाच्या तशा.

पेरणीच्या तोंडावर खुशालराव सरकीचं पोतं घेऊन दारात आला. पार्बताबाई बाजारात गेलेल्या. किसनरावांनी त्याला जेवायला बसवलं आणि आत नव्या सुनेला सांगितलं, झुणका-भाकर टाक. शकुनचं लग्न होऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. गोठ्याचं छप्पर गळून गोवऱ्यांचा ढीग भिजलेला. चूल नुसती धुमसत होती, बाहेर पाहुणा बसलेला, डोळ्यांत धूर. तिनं वर पाहिलं तर भिंतीला एक गोवरी, खडखडीत वाळलेली. तिनं ती ओढली, मोडली आणि चुलीत घातली. भाकरी छान फुगल्या. खुशालराव सुनेच्या हाताची तारीफ करून गेला.

पार्बताबाई आल्या, हात धुऊन चुलीपाशी गेल्या आणि भिंतीकडं पाहिलं.

"शकुन, अथी एक गोया होता."

"आत्याबाई, गोवऱ्या साऱ्या भिजल्या होत्या. भिंतीवरची एकच कोरडी होती, तेच घेतली म्या."

शकुनला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पार्बताबाई मात्र खाली बसल्या आणि गरम राखेत बोटं घालून चाचपू लागल्या. थोड्या बिया सापडल्या, काळ्या पडलेल्या. शकुन म्हणायची, त्या दिवशी सासूनं शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं झोपले असते.

काळ्या बिया त्यांनी मळ्यातल्या एका कोपऱ्यात टोचल्या. एकही उगवली नाही. मागच्या वर्षी जिथं वाळूक होतं तिथं आपसूक काही उगवलं असेल म्हणून पाहायला गेल्या, तर तिथं किसनरावांनी सरकी पेरून तण काढायचा डवरासुद्धा फिरवला होता. रान आरशासारखं साफ.

मग त्या जानरावांच्या दारात गेल्या. त्यांच्याशी तेव्हा भांडण चालू होतं, तरी गेल्या.

"जानराव, वायकाचं बी असन तुमच्या घरी. मूठभर द्या."

"काकी, दोन सालापासून नेलंच नाही म्या. वावरात सारी पऱ्हाटीच हाये, लावू कुठं? म्हनलं तुमच्या घरी हाये, जाते कुठं."

"मंग तुमचं पांढरं वांगं?"

जानराव म्हणाले, "ते बी गेलं. आमाले वाटलं, तुमी ठेवलं असन."

माझा राग आहे तो इथंच. कोणी दुष्टपणानं काही संपवलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याच्या घरी असेल, आणि आपल्या भिंतीवरची जागा रिकामी ठेवली. पुढं लढाई थांबली, भाव कोसळला, माळीपुऱ्यात पुन्हा मोटा सुरू झाल्या. पांढरं वांगं परत आलं नाही. मी ते पाहिलेलं नाही, आणि ज्यानं पाहिलं असा माणूसही आता मला माहीत नाही.

पार्बताबाई आसपासच्या खेड्यांत फिरल्या. सगळीकडं तेच ऐकलं. घरी आल्या की जात्यापाशी बसून राहायच्या. एका दुपारी शकुननं भीत भीत विचारलं, "आत्याबाई, मागल्या साली वायूक कापलं का बिया कुठं फेकत होत्या तुमी?"

"कुठं म्हंजे? उकंड्यावर."

"अन् उकंडा?"

पार्बताबाई उठल्याच. डोक्यावर पदर घेतला, खुरपं घेतलं आणि सुनेला म्हणाल्या, "चाल."

खुशालरावाच्या वावरात निंदण चालू होतं. बाया रांगेनं एकेक तास, म्हणजे पिकाची ओळ, धरून गवत काढत होत्या. दोन तासांच्या मधलं गवत डवऱ्यानं निघतं, पण झाडाच्या बुडाशी जे उगवतं ते हातानंच काढावं लागतं. पार्बताबाई पदर खोचून रांगेत बसल्या. बाया खुसखुसू लागल्या. स्वतःची विहीर असलेली माळीण मजुरी करायला आली म्हणजे घरात काहीतरी बिनसलं असणार. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिल्या. शेजारच्या तासात शकुन. दोघी गवत काढत होत्या आणि वेल दिसला की सोडून पुढं सरकत होत्या.

वेल सापडत होते. पण त्यात शेंदाडही होतं. शेंदाड म्हणजे वावरात आपोआप येणारं रानटी फळ, लिंबाएवढं आणि कडूजहर. कोवळेपणी शेंदाडाचा वेल कोणता आणि वाळकाचा कोणता, हे पार्बताबाईंनाही कळत नव्हतं. पान सारखं, फूल सारखं.

खुशालराव धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पाहत होता. तो जवळ आला.

"पार्बताबाई, तुमी? माह्या वावरात निंदाले?"

"काहून, मले हात नाहीत?"

"हात हायेत, पन हे वेल काहून सोडून राहिल्या? शेंदाडं हायेत ते. पऱ्हाटीवर चढतीन."

"काही शेंदाडं असतीन, काही माहं वायूक असन. मातीसकट खनून न्यायचे हायेत मले."

खुशालराव हसला नाही. "वायूक होय? लहानपनी तुमच्या मळ्यातून चोरून खाल्लं म्या. तुमच्या सासूनं पाठ शेकली होती माही."

"मंग नेऊ देता का नाही?"

"न्या जी. पन टोपल्यानं माहं खत बी जाईन, त्याचं काय?"

"खत माहंच होतं," पार्बताबाई म्हणाल्या.

खुशालरावानं गड्याला टोपल्या आणायला सांगितलं.

दोघी सासू-सुना डोक्यावर मातीच्या ढेकळांसकट वेल घेऊन मळ्यात आल्या, तर लावायला जागाच नव्हती. विहिरीपासून कुंपणापर्यंत पऱ्हाटी. किसनराव मोटेचे बैल चालतात त्या धावेवर बसले होते. त्यांनी टोपल्या पाहिल्या, बायकोचं तोंड पाहिलं. मग किसनराव उठले आणि मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळची पऱ्हाटी उपटायला लागले. गुडघ्याएवढी झालेली, जोमदार झाडं. स्वतःचे केस उपटत असल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं, पण त्यांनी पुरेशी जागा करून दिली. मोट पुन्हा जुंपली गेली.

काही वेल सुकले. काही धरले आणि पसरले. भादव्यात फळं लागायला लागली. पहिल्या वेलाला लिंबाएवढी हिरवी पट्ट्याची फळं आली. पार्बताबाईंनी एक तोडून चावलं आणि थुंकलं. शेंदाड. वेल उपटला. दुसराही तसाच. तिसराही. नवरात्र आलं तेव्हा मळ्यात एकच वेल उरला होता. त्याला सगळ्यांत उशिरा फूल आलं, आणि फळ पानांखाली कुठंतरी वाढत होतं. त्याला हात लावायचा नाही असं पार्बताबाईंनी बजावलं होतं. त्या स्वतःही तिकडं पाहत नसत. शकुन म्हणायची, त्या दिवसांत सासूबाईंची जीभसुद्धा मऊ झाली होती, आणि त्याचीच घरात सगळ्यांना धास्ती वाटत होती.

दसरा झाल्यावर एका सकाळी शकुन विहिरीवरून घागर घेऊन आली आणि ओट्याशी थांबली.

"आत्याबाई, मळ्यात कशाचा तरी वास येऊन राहिला. गोड. असा वास म्या कधी घेतला नाही."

पार्बताबाईंच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. त्या अनवाणी पळाल्या. आजवर त्यांना पळताना कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळं किसनरावही मागोमाग पळाले. थारोळ्याजवळ पानं बाजूला केली तर खाली ते पडलेलं, लांब, पिवळं, मधोमध तडकलेलं. पार्बताबाई तिथंच ओल्या मातीत बसल्या आणि त्यांनी ते मांडीवर घेतलं. किसनराव म्हणाले, "हेच हाये." ते पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत राहिले.

घरी आणून पार्बताबाईंनी ते विळीवर कापलं. आतल्या सगळ्या बिया बोटानं काढून पितळेच्या वाटीत घेतल्या. मग पहिली फोड शकुनपुढं धरली.

"खाय."

"आधी तुमी घ्या, आत्याबाई. म्याच तर जाळलं होतं."

"मले चव ठाऊक हाये. तुह्या मामंजीले ठाऊक हाये. चोरून खानाऱ्या त्या खुशालरावाले बी ठाऊक हाये. घरात एकट्या तुलेच ठाऊक नाही, अन् सांभाळायचं तुलेच हाये. खाय म्हनलं ना."

शकुननं फोड तोंडात घातली. तिला रडू फुटलं, इतक्या महिन्यांचं साठलेलं. ती रडत होती आणि खातही होती, रस हनुवटीवरून ओघळत होता. पार्बताबाई समोर बसून तिच्या हनुवटीखाली ओंजळ धरून होत्या, एखादी बी राहिली असेल तर खाली सांडू नये म्हणून.