स्थळाच्या कागदावरचे दोन इंच

ह्यांच्या बदलीमुळे आम्ही जयपूरला आलो आणि वर्षभरात टायफॉइडनं मला पार पिळून काढलं. वय पंचावन्न, आणि दुधाची पिशवी उचलतानाही हात थरथरायचे. मग चिडूनच मी झालाना भागातल्या जिममध्ये नाव घातलं.

शिकवणारी मुलगी जयपूरजवळच्या चौमू गावची, भारी शिस्तीची. दर महिन्याला ती चिमट्यानं दंडाची, पोटाची चरबी मोजायची, वजनातून वजा करायची आणि उरलेल्याला उंचीनं दोनदा भागायची. उत्तर पंधरावर गेलं तरच वजनाची लोखंडी दांडी, तोवर हलके डंबेल, असं तिनं बजावलेलं. मला त्या दांडीचा नुसता ध्यास लागला होता. सहा महिने मटकी, पनीर, अंडी खाल्ली, घाम गाळला. आकडा आला चौदा पूर्णांक आठ. मला रडूच कोसळलं.

ती समजूत घालायला शेजारी उभी राहिली आणि समोरच्या आरशात बघतच राहिली.

"आंटीजी, फॉर्म में आपकी हाइट पाँच-तीन लिखी है, पर पाँच-तीन तो मैं हूँ. आप तो मेरे माथे तक आती हैं."

आणि मला लख्ख आठवलं. पाच फूट एक लिहिलं तर चांगली स्थळं हातची जातील म्हणून बाबांनी कागदावर दोन इंच वाढवले होते. बघण्याच्या दिवशी आईनं अंबाडासुद्धा उंच बांधला होता. पुढे तीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर मी पाच-तीनच लिहीत आले, आणि खरी उंची स्वतःच विसरून गेले! जिमच्या फॉर्मवरही तेच.

तिनं मला भिंतीला उभं करून मोजलं, पुन्हा भागाकार केला. पंधरा पूर्णांक आठ! मी तिला मिठीच मारली. पण दांडी उचलण्याआधी ह्यांना फोन लावला, कारण आता लपवणं जमेना.

"अहो, मी पाच-तीन नाही. पाच-एक आहे. बाबांनी कागदावर वाढवून लिहिलं होतं."

पलीकडून हे हळूच म्हणाले, "मीसुद्धा पाच-आठ नाही."

मी हसत सुटले. मग किती, म्हणून विचारलं.

"आधी दांडी उचल, मग सांगतो."

फोन चालूच ठेवून मी शिकवणाऱ्या मुलीच्या हातात दिला आणि वाकले. दांडी जमिनीवरून सुटली, गुडघ्यांशी आली, मांड्यांपर्यंत आली, आणि मी ताठ उभी राहिले. हात थरथरले नाहीत.