बुचभर ऑइल

गाडीत पेट्रोल कुठलं टाकावं यावर एकेकाळी मी तासन्‌तास बोलायचो. एरवी घरात माझा आवाज फारसा नसायचा, पण हा विषय निघाला की सुटायचो. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, सहनशक्ती. टर्बो इंजिनात सगळं इतकं दाबलं जातं की साधं पेट्रोल ठिणगी पडायची वाट बघत नाही, आधीच भडकतं, आणि तो फटका पिस्टनवर बसतो. हे सगळं मला पाठ होतं. माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

गाडी जुनीच घेतलेली, पण टर्बोची. वर पुण्याच्या एकाकडून तिचं सॉफ्टवेअर बदलून घेतलं, आणखी जोर यावा म्हणून. त्यानं बजावलं होतं, "आता हिला शंभर ऑक्टेन. नाहीच मिळालं तर पंच्याण्णव, पण मग दाबायची नाही. साधं तर अजिबात नको." आमच्याकडे शंभर कुठलं मिळायला! पंच्याण्णवसाठीसुद्धा मी दहिवलीहून चौक गावापर्यंत जायचो.

वडील साजगावच्या कारखान्यात होते. सगळी नोकरी त्यांनी मोपेडवर काढली. त्या गाडीला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे; नाही मिसळलं तर इंजिन जाम. मोपेड भंगारात गेली तरी ऑइलची बाटली जिन्याखाली तशीच होती.

त्या रविवारी मेव्हण्याला लोणावळ्याला न्यायचं होतं. चौकच्या पंपावर पंच्याण्णवच्या मशीनला पुठ्ठा लटकवलेला, ‘स्टॉक नाही’. टाकी जवळजवळ रिकामी. मी घुटमळलो, तसा मेव्हणा म्हणाला, "भावजी, गाडी आहे का नवरदेव? किती तो मानपान!"

"साधं टाक," मी पंपावरच्याला म्हणालो. "फुल."

घाटात तो म्हणाला, "दाखवा की आता जोर." मी दाबली. दुसऱ्याच वळणावर पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज यायला लागला. तो आवाज काय असतो हे मला नीट माहीत होतं. पाय काढायचा, एवढंच करायचं होतं. मी गाणी मोठी केली. पुढच्या चढावर गाडीनं हिसका दिला, मागं धूर, आणि संपलं.

दुसऱ्या दिवशी चौकच्या गॅरेजवर वडील माझ्याबरोबर आले. त्यांनी येऊ नये असं मला फार वाटत होतं. मिस्त्रीनं फुटलेला पिस्टन हातात धरून विचारलं, "टाकीत भलतंसलतं काय टाकलेलं काय?"

मी तोंड उघडणार होतो. उघडणार होतो, असं मी आजवर स्वतःला सांगत आलोय. पण वडील पुढे सरकले.

"बुचभर ऑइल मी घातलं, काल सकाळी. ह्याला सांगितलं नाय. घाट चढायचा व्हता ना, म्हणून."

"काका, ही काय मोपेड हाय व्हय!" मिस्त्री हसला. आजूबाजूचे हसले. वडीलही थोडं हसले आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "बाबा, विचारायचं तरी होतं."

भरलेल्या टाकीत बुचभर ऑइलनं पिस्टन फुटत नाही. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांत हे मी सर्वांत चांगलं सांगू शकलो असतो.

ती गाडी विकली. आताची साधी आहे, कुठल्याही पंपावर चालते. वडील तिच्यात पुढं बसत नाहीत. मागं बसतात, हात मांडीवर, आणि काच खाली करायची असली तरी मला सांगतात. जिन्याखालची बाटली कुठं गेली, कुणी विचारलं नाही. पंपावर थांबलो की ते खाली उतरतात आणि पेट्रोल भरून होईपर्यंत लांब, हवेच्या मशीनपाशी उभे राहतात.

गेल्या आठवड्यात भर उन्हात ते तसेच उभे होते. झाकण लावल्याचा आवाज आल्यावरच परतले. त्या दिवशी घरी ओटीवर बसून मी सगळं सांगितलं. पुठ्ठ्याची पाटी, मेव्हण्याचं बोलणं, घाटातला आवाज, मोठी केलेली गाणी. ऑक्टेनही समजावलं, पूर्वी मित्रांना समजवायचो तसं. ते मान हलवत ऐकत होते.

"पेट्रोलनं इंजिन फुटत असतं काय रं?" ते शेवटी म्हणाले. "पेट्रोलवर तर ते चालतंय."

"बाबा, त्या गाडीला वेगळं लागायचं. चूक माझी होती. तुमचं ऑइल काहीच नव्हतं."

"बरं बरं. ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे नाही, बाबा. खरं सांगतोय."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग आत वळून आईला हाक मारली.

"ऐकलंस का गं? माझं झाकायला एवढा खोटं बोलतोय पोरगा. पार पेट्रोलवर घातलंन."

आई दारात आली. पदराला हात पुसत माझ्याकडे बघून कौतुकानं हसली, आणि चहा टाकायला आत गेली.