रिकामा हात

अंधेरीच्या एका स्टुडिओत मी कपडेपट सांभाळायचो, तेव्हाचे हे गृहस्थ. नाव राहू दे. एका चिमुकल्या संस्थानाचे राजे. तरुणपणी स्वतःचं विमान उडवायचे. एकदा ते गोराईच्या वाळूत उतरवून कोळ्यांच्या घरी जेवले होते म्हणे. मग संस्थान गेलं, पुढे तनखाही बंद झाला. सिनेमात आले ते हिरोच्या जागी भरधाव घोडा फेकायला. गुडघे गेल्यावर जज झाले, हिरॉइनचे बाप झाले. वयाची ऐंशी उलटल्यावर माझ्याकडे आले ते हुजऱ्याचे कपडे मागत.

त्या दिवशी दरबाराचा सीन होता. सिंहासनावर कालचा पोरगा हिरो, मागे हे हुजरे. सरदार झालेल्या एक्स्ट्रांनी मुजरा केला आणि यांचा हात आपसूक छातीशी गेला, मुजरा घ्यायला. कट! पुन्हा तेच. तिसऱ्यांदा डायरेक्टर भडकला, "काका, मुजरा त्याला आहे ना! तुम्हाला कोण करतंय?"

"बरोबर आहे," ते म्हणाले. घाम पुसत माझ्याकडे आले. रागावले नव्हते, फक्त दमले होते. "बाबा रे, दोन्ही हातांत काहीतरी दे. रिकामा हात ऐकत नाही."

मी पानसुपारीचं मोठं तबक दिलं. शॉट ओके झाला. हात जागचे हलले नाहीत. एक्स्ट्रांतले निम्मे जांभया देत वाकले होते. तरी त्या तबकावर यांची मान, सगळ्यांचा मुजरा पोचल्यासारखी, किंचित झुकलीच.