रक्ताच्या गोळ्या

अंगात अक्कल फार झाली की ती चालवायला माणूस घरातलंच कुणीतरी शोधतो. मी धाकटी बहीण शोधली.

तिला क्षय निघाला तेव्हा पैठणच्या स्थळाची सुपारी फुटून गेली होती. डॉक्टर म्हणाले, "बरी होईल. पण सहा महिने एकही गोळी चुकायची नाही."

आई म्हणाली, "आधी लग्न चुकायचं नाय." घरात आजाराचं नाव घ्यायची बंदी झाली. विचारलंच कुणी, तर 'बारीक ताप'.

मग मी डोकं चालवलं. शहागंजातून रक्तवाढीच्या गोळ्यांची बाटली आणली, ती रिकामी करून त्यात क्षयाच्या गोळ्या भरल्या. लग्नानंतर तिच्या सासूबाईंना सांगितलं, "जरा अशक्त आहे, रक्ताच्या गोळ्या चालू आहेत." ह्या युक्तीवर मी इतका खूश, की गुलमंडीवर जाऊन स्वतःलाच इमरती खिलवली.

दर महिन्याला भरलेली बाटली घेऊन एसटीनं पैठणला जायचो. तिसऱ्या खेपेला सासूबाई खुशीत होत्या.

"पाव्हणं, लई गुणाच्या गोळ्या तुमच्या! सूनबाईच्या गालावर रक्त चढलं बघा. आता बंद केल्या मी, गरम पडतात. उरलेल्या माझ्या लेकीला धाडल्या. ती बी लई वाळलीय."

बहीण चहा घेऊन दारात उभी होती. बशीत चहा सांडला. तिनं माझ्याकडं पाहिलं. ती बोलली असती तर मी खोटा पडलो असतो, म्हणून ती बोलली नाही. बोलायला हवं होतं मी.

सासूबाईंची नजर माझ्या पिशवीकडं गेली. "आणलीच व्हय अजून एक? द्या, ती बी लेकीला धाडते."

"धाडा की," मी म्हणालो, आणि बाटली काढून त्यांच्या हातात दिली. वर चहाही प्यालो.

उन्हाळ्यात बहिणीच्या खोकल्यातून रक्त पडलं. ते मात्र सासूबाईंना बरोबर ओळखू आलं. सासरचे ट्रंकेसकट तिला आमच्या दारात सोडून गेले. त्यांच्या लेकीचं पुढं काय झालं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आता नुसत्या गोळ्यांनी भागणार नव्हतं. रोज सुई. मी तिला सायकलवर दवाखान्यात न्यायचो. एकदा मागून म्हणाली, "दादा, शेजारच्या काकू विचारत होत्या, सुई कशाची म्हणून. काय सांगू?"

खरं सांगतो, माझं डोकं लगेच चालायला लागलं.