किसनचा गुडघा आणि माझा

गुडघा बरा होतो, पण त्याचे किस्से काही बरे होत नाहीत. पारावर कुणी एक काढला की दुसऱ्याला आपला आठवतो. मला तर माझ्या गुडघ्यापेक्षा किसनच्याच गुडघ्याचे जास्त आठवतात.

किसन माझा धाकटा चुलतभाऊ, घराला घर लागून. दोघांचे गुडघे लातूरला एकाच डॉक्टरनं बदलले. जळकोटकडं एकाच जीपमधून आलो. तो उतरून घरी चालत गेला. मला खुर्चीसकट उचलून नेलं.

तेव्हापासून मला एकच घोर. पोळ्याला आमच्या गावात वेशीच्या तोरणाखालून पहिली जोडी आमच्या घरची जाते. घरच्या कर्त्यानं कासरा धरायचा आणि काठी न टेकता मारुतीपर्यंत चालायचं. त्याला जमलं नाही तर मान भाऊबंदातल्या पुढच्या घराला. पुढचं घर किसनचं.

*

डॉक्टरनं सांगितलं होतं, पायाला थोडं वजन बांधून पाय उचलत जा. मी कुडाच्या फटीतून बघितलं, तर किसन भली मोठी पिशवी बांधून पाय वर-खाली करून राहिलेला. मीही लगेच दुकानातून लोखंडाचं मोठं माप आणवलं आणि बांधलं. पाय बाजेवरून हलंना, आणि गाठही सुटंना. दुकानदार मापासाठी दारात उभा.

ही किसनच्या घरी जाऊन चौकशी करून आली. "ओ, भावजीच्या पिशवीत मुरमुरे हायत. पहिल्यांदा हलकंच बांधा म्हणलेत न्हवं डॉक्टर?"

*

त्या साली पाऊसच नव्हता. गाव टँकरवर जगत होतं. एक दिवस ही म्हणाली, "बघा, किसनभावजी कळशी घेऊन चालले."

मी म्हणालो, "अर्धीच असंल."

"असू द्या की. तुमची तर रिकामीबी आली न्हाई अजून."

*

नव्या जिल्ह्याची बोलणी तेव्हा जोरात होती. तहसीलवर मोर्चा निघाला. किसन झेंडा धरून पहिल्या रांगेत. मग मी कसा मागं राहीन? मीही निघालो. गर्दी पुढं गेली, मग घोषणा ऐकू यायच्या बंद झाल्या, मग नुसता रस्ता राहिला. कचेरीपाशी पोचलो तर शिपाई कुलूप लावत होता.

"काय काम हाय, बाबा?"

"जिल्हा पाहिजे."

तो कुलूप ओढून बघत म्हणाला, "साहेब गेले. उद्या या."

परतताना किसन समोरून मोटारसायकलवर आला. म्हणाला, "दादा, लई लांब आलास की. बस मागं." मी बसलो नाही. मग अंधार पडल्यावर बसलो.

*

पोळा आला. चाऱ्यावाचून बऱ्याच जणांनी बैलं विकली होती. उरलेल्या जोड्या छावणीतून आणून वेशीत उभ्या केल्या. पाटील म्हणाले, "तात्या, राग मानू नका. तुम्ही आणि किसन, दोघं इथून पिंपळापर्यंत चालून दाखवा. ज्याचं पाऊल नीट, त्यानं कासरा धरावा."

मी काठी हिच्या हातात दिली. किसनकडं बघायचंच नाही असं ठरवलं होतं, पण नजर गेलीच. नवं धोतर, ताठ पाठ. माझ्या घरातला मान माझ्या डोळ्यांदेखत निघाला होता.

किसननं दोन पावलं टाकली आणि मटकन वेशीच्या ओट्यावर बसला.

"पाटील, गुडघा धरला माझा. मला न्हाई जमायचं. दादाला जाऊ द्या."

कासरा माझ्या हातात आला. मी एकेक पाऊल टाकत मारुतीपर्यंत गेलो. माझ्यामागं सगळ्या गावाची बैलं खोळंबली, पण कुणी हाकललं नाही.

पूजा झाली. मी नैवेद्याचं ताट घेऊन किसनच्या घरी गेलो, म्हटलं विचारावं तरी. बाजेवर तो दिसला नाही. सुभद्रा, त्याची बायको, अंगणात शिडी धरून उभी होती. मी वर बघितलं. किसन पत्र्यावर दगड ठेवून राहिला होता.

"किसन, गुडघा कसा हाय रे?"

"लई दुखून राहिला, दादा," तो वरून म्हणाला, आणि शिडी उतरायला लागला.